पोवळ्यासाठी चौथी ट्यूब

गुलाबराव ढोक्यांच्या घरात माणसं झिरो बल्बखाली जेवत आणि पोवळं तीन ट्यूबलाइटींखाली राहत असे. अख्ख्या नागपुरात समुद्राचं पाणी पाळणारा हा एकच गृहस्थ, आणि तो माझ्याच भिंतीला भिंत लावून राहावा, हे माझं नशीब.

ढोकेवहिनी मालवणच्या. दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना माहेरचा प्रवास झेपायचा नाही, म्हणून त्यांच्या भावाने तिकडच्या समुद्रातलं ते जिवंत पोवळं डब्यात घालून आणून दिलं. काचेची टाकी वहिनींच्या खाटेसमोर बसली, पोवळ्याला जगायला भरपूर उजेड लागतो असं भाऊ सांगून गेला, आणि गुलाबराव कामाला लागले. हिंगण्याच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन असल्यामुळे उजेडाच्या बाबतीत आपल्याला सगळं कळतं, असा त्यांचा समज होता. आधी टाकीच्या झाकणात साधे बल्ब लावले. पाणी चहाला ठेवल्यासारखं तापलं. मग बल्ब काढून एक ट्यूब, दुसरी, तिसरी. दरवेळी पालुपद एकच, "उजेड कमी पडून राहिला गा."

उन्हाळ्यात बैठकीतला कूलर टाकीकडे वळला आणि पाहुणे घामाघूम झाले. त्या वाऱ्याने पाणी भराभर आटे आणि हा शहाणा वरून पुन्हा खारं पाणीच ओते. पाणी उडतं आणि मीठ खाली राहतं, हे काही त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. पोवळ्याचे फुलासारखे उघडणारे इवले इवले हात मिटले ते मिटलेच. पंधरा दिवसांत टाकीत नुसता पांढरा दगड उरला. मी मोहल्लाभर हे रंगवून सांगितलं.

आणि एका संध्याकाळी पाहतो तर गुलाबराव स्टुलावर चढून चौथी ट्यूब बसवताहेत.

"गुलाबभाऊ, दगडाले उजेड काहून देऊन राहिले?" वहिनी झोपल्यात असं वाटून मी दारातूनच हळू विचारलं.

ते घाईने उतरले, मला दंडाला धरून अंगणात घेऊन आले.

"मेलं ते, मले मालूम आहे," ते हळूच म्हणाले. "तिले नाही मालूम. डोळे जाऊन राहिले गा तिचे. तीन ट्यूबमध्ये टाकी दिसत नाही आता तिले."

मला माझीच लाज वाटली. आम्ही आत आलो. त्यांनी चौथी ट्यूब लावली. वहिनी उशीवरून मान उचलून, डोळे बारीक करून बघत होत्या.

"भाऊजी, हात उघडलेत का हो त्याने?"

"उघडलेत, वहिनी," मी म्हणालो. "सगळे."

गुलाबराव आमच्याकडे पाठ करून स्टुलावरच उभे राहिले.