उत्प्रेरक बागूल सर

मिसळ समोर आली की बागूल सर आधी पापड ताटलीत ठेवून मुठीने कुटतात. मग शेवेवर तोच प्रयोग. शेजारच्याच्या शर्टावर चुरा उडतो, पण विज्ञानासाठी कुणीतरी एवढं सोसायलाच हवं. "पृष्ठफळ वाढलं की अभिक्रियेचा दर वाढतो," असं सांगून ते वर रस्सा ओततात. त्यानंतर जे काही तयार होतं, त्याला नाशिकात मिसळ म्हणत नाहीत.

सर आमच्या पंचवटीतल्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवतात, मी मराठी. जगात सगळं फार हळू चाललंय, ही त्यांची मुख्य तक्रार. बँकेतली रांग असो की लग्नातल्या मंगलाष्टका, ते शेजारच्याला विचारतात, "वेग कशावर अवलंबून असतो?" उत्तरही तेच देतात. तापमान, संहती, पृष्ठफळ, उत्प्रेरक. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणं त्यांना झेपत नाही. मी एकदा "सर, उद्या मला जरा..." एवढंच म्हणालो, तर त्यांनी माझी रजा परस्पर मुख्याध्यापिकांना कळवून टाकली. मला त्यांचा एक तास हवा होता.

क्रीडादिनाला लिंबू सरबत माझ्याकडे होतं. सरांनी एक घोट घेतला, संहती कमी असल्याचा निकाल दिला आणि साखरेची अख्खी पिशवी पिंपात उपडी केली. मुलं एकेक पेला पिऊन पाण्याच्या नळाकडे धावली. खो-खोतही तो वेग कुणी दाखवला नव्हता.

उत्प्रेरक मात्र ते स्वतःच. वेळापत्रकावरून दोन शिक्षिकांमध्ये कुरबूर चालली होती. आठवडाभरात आपोआप मिटली असती. सर मध्ये पडले आणि मधल्या सुट्टीपर्यंत दोघींनी बोलणं बंद केलं. स्वतः उत्प्रेरकात काहीच बदल होत नाही, हे पुस्तकातलं वाक्य मला त्या दिवशी पटलं. सर शांतपणे डबा खात होते.

यंदा दिवाळीनंतर शाळा सुटली रे सुटली की सर गायब होऊ लागले. खासगी शिकवणी सुरू केली असणार, असं आम्ही स्टाफरूममध्ये एकमताने ठरवलं. एका संध्याकाळी प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात राहिली आणि ते फोनही उचलेनात, म्हणून मुख्याध्यापिकांनी मला आडगाव नाक्याला त्यांच्या घरी पाठवलं. मी मनात दोन टोमणे तयार ठेवूनच गेलो.

दार उघडंच होतं. आत विद्यार्थी नव्हते. खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ होते आणि त्यांच्यासमोर स्टुलावर सर. हे त्यांचे थोरले भाऊ. आई-वडील लवकर गेले, तेव्हा सटाण्याला कांद्याच्या शेतात राबून त्यांनीच सरांना शिकवलं होतं. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली, तेव्हा सर त्यांना इकडे घेऊन आले. शब्द त्यांना आठवतो, पण ओठांवर यायला वेळ लागतो, आणि तो शब्द दुसऱ्याने बोलून टाकायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे सगळं सरांनी मला हळू आवाजात सांगितलं.

दादा माझ्याकडे बघत होते. ओठ हलले. "हा..."

मी मदतीला तोंड उघडलं, तर सरांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला. आम्ही बसून राहिलो. आत कुकरच्या शिट्ट्या झाल्या, थांबल्या. सर जागचे हललेसुद्धा नाहीत.

"हाऊ..." दादा म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "भलता..." आणि शेवटी सरांकडे बोट करून, "बोलस."

हा फार बोलतो. मला हसू आवरेना. सर हसले नाहीत. आजारानंतरचं दादांचं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं. सरांनी रुमालाने दादांची हनुवटी पुसली आणि त्याच रुमालाने स्वतःचे डोळे. मग स्टूल आणखी जवळ ओढलं. शाळेत पुस्तकी मराठी बोलणाऱ्या सरांच्या तोंडून अहिराणी मी पहिल्यांदाच ऐकली.

"परत बोल, दादा," ते म्हणाले. "धीरे धीरे. माले कोठेच जानं नही."