पहिल्या ट्रकची मालकीण

मुलुंडच्या तानिगुची ट्रक कारखान्यात सोमवारी सकाळी टेलेक्स आला आणि मॅनेजर चंद्रप्रकाश नाडकर्णी यांचा चहा तसाच निवून गेला. जपानची मूळ कंपनी आपल्या परदेशी कारखान्यांचा इतिहास छापणार होती. त्यासाठी ओकादा नावाचे मोठे साहेब रविवारी येणार होते आणि मुंबईत चौऱ्याऐंशी साली बनलेल्या पहिल्या ट्रकबरोबर त्यांना फोटो हवा होता.

नाडकर्णींनी स्टोअर्समधल्या जयवंत परबला बोलावलं.

"पहिला ट्रक कुठाय?"

"विकला, साहेब."

"पहिलाच विकला?"

"विकायलाच बनवतो ना आपण."

जयवंतने चार वर्षांपूर्वीची रजिस्टरं उपसली. पहिला ट्रक वेसाव्याच्या शेवंती तांडेल हिने नेला होता. जयवंत तिला शोधत मासळी बाजारात पोहोचला, तेव्हा ती ट्रकच्या फळीवर बसून कोळंबी निवडत होती. ट्रक गडद निळा होता आणि दर्शनी भागावर समोरासमोर दोन पापलेटं रंगवलेली होती.

"एक दिवस गाडी द्याल का, मावशी? जपानचे साहेब फोटो काढणारेत."

"आन् माजं म्हावरं काय तुज्या साहेबाच्या डोक्यावरनं नेऊ?"

बरीच बोलाचाली झाली. शेवटी शनिवार-रविवारसाठी कारखान्याने दुसरा ट्रक द्यायचा आणि फोटोत शेवंतीनेही उभं राहायचं, असं ठरलं. या चार वर्षांत त्या गाडीने बर्फ वाहिला होता, लेकीचं वऱ्हाड नेलं होतं आणि रेतीत रुतलेली होडीही ओढून काढली होती. हे सगळं जयवंतला ऐकून घ्यावं लागलं. उठायची सोय नव्हती, कारण शेवंतीने त्याच्यापुढे तळलेले बोंबील ठेवले होते.

शनिवारी ट्रक मुलुंडला आला. नाडकर्णींनी नाकाला रुमाल लावून त्याभोवती एक फेरी मारली.

"धुवा. आणि कंपनीचा पांढरा रंग मारा."

"साहेब, बाईंना विचारायला पाहिजे."

"इतिहासात पापलेटं नकोत, परब."

रविवारी दहाला शेवंती नऊवारी नेसून, अंगभर दागिने घालून आली. पांढऱ्याशुभ्र ट्रकसमोरून ती सरळ पुढे गेली आणि सगळं आवार पाहून परत आली.

"माजी गारी कंय हाय?"

"हीच ती, मावशी," जयवंत खाली बघत म्हणाला.

शेवंतीने गाडीभोवती एक फेरी मारली. मग ती दार उघडून आत चालकाच्या जागेवर जाऊन बसली. "पापलेटं परत आल्याबिगर मी उतरनार नाय."

नेमकी त्याच वेळी फाटकातून ओकादांची गाडी आत आली. सोबत दुभाषी म्हणून हिशेब विभागातली शुभा होती. दादरला सहा महिने जपानी शिकल्यामुळे ती कारखान्यातली या विषयातली एकमेव जाणकार होती. ओकादांनी ट्रकमधल्या बाईंकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं.

"या कोण, असं विचारतायत," शुभा म्हणाली.

"सांग, पहिल्या ट्रकच्या मालकीणबाई," जयवंत म्हणाला.

शुभाने आठवून आठवून ते सांगितलं. ओकादा ताठ झाले आणि कमरेपर्यंत वाकले. नाडकर्णींनी पुढे केलेला हार ओकादांनी हातात घेतला, ट्रकच्या खिडकीपाशी नेला आणि शेवंतीला दिला. मग अर्धा तास ते खिडकीशी उभं राहून तिचं बोलणं वहीत उतरवून घेत राहिले. होडीची हकिकत त्यांनी दोनदा विचारली. फोटोत शेवंती चालकाच्या जागी होती, ओकादा बाजूला उभे होते आणि नाडकर्णींचा एक खांदा आला होता. पापलेटांचा शब्द जयवंतकडून घेतल्यावरच शेवंती खाली उतरली. दुसऱ्याच दिवशी त्याने वेसाव्याला पेंटर नेऊन निळा रंग आणि पापलेटं पुन्हा काढून दिली.

तीन महिन्यांनी जाडजूड पुस्तक आलं. शुभा शब्दकोश घेऊन मुंबईचं पान वाचायला बसली आणि फोटोखालच्या ओळीपाशी अडखळली.

"वाच ना," नाडकर्णी म्हणाले.

"मुंबई कारखान्याच्या संस्थापिका, श्रीमती शेवंती तांडेल." शुभाचा आवाज बारीक झाला. "मालकीण म्हणायच्या जागी माझ्याकडून चुकून दुसराच शब्द गेला, सर."

नाडकर्णींनी तातडीने दुरुस्तीचा टेलेक्स पाठवला. उत्तराआधी टपालाने एक निमंत्रण आलं; ते हा टेलेक्स पोहोचण्याआधीच जपानहून निघालं होतं. कंपनीच्या समारंभासाठी संस्थापिकांनी जपानला यावं आणि मदतीला कारखान्यातला एक माणूस स्वतः निवडून आणावा, असं त्यात लिहिलं होतं. मागोमाग उत्तराचा दोन ओळींचा टेलेक्सही आला: पुस्तक वाटून झालं आहे, अध्यक्षांना होडीची हकिकत फार आवडली आहे, दुरुस्ती शक्य नाही.

पुढच्याच रविवारी नाडकर्णी इस्त्रीचा शर्ट घालून, ते निमंत्रण आणि पेढ्यांचा पुडा घेऊन वेसाव्याला गेले. शेवंतीने त्यांना पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, "बरं, तुमी कारखान्यात काय काम करता?"

नाडकर्णी उठून उभे राहिले आणि सांगू लागले.