दवाखान्याचे दारीं पाहारा बसला त्याची हकीकत

श्रीधन्वंतरीस दंडवत, आणि ऐकणाराचे कुळस्वामीस दुसरा. शके सोळाशें एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सर. वर्षही नांवासारिखेच गेले. ते समयीं एक राज्य होते, आणि त्या राज्यांत सरकारी दवाखाना होता, आणि रोगी बरा जाला तर देवाने केला, मेला तर वैद्याने मारिला, ऐसा लोकांचा न्याय होता. आप्त काठ्या घेऊन येत आणि वैद्यास बडवीत. मग वैद्य निळोपंत यांणी हुजूर अर्ज केला कीं, "महाराज, औषध द्यावे कीं पाठ सांभाळावी?" महाराज कनवाळू. पुष्कळ दिवस मसलत जाली, आणि ठरले ते ऐसे कीं दारीं चार भालदार उभे करावे, आणि बोलण्याने भांडण वाढते, सबब वैद्यांनी आप्तांशी बोलूं नये आणि शिपायांनी वैद्यांशी बोलूं नये. दरबारी मंडळींनी माना डोलाविल्या.

त्या चौघांत हैबती म्हणोन एक शिपाई होता, अंगाने धिप्पाड, मनाचा भोळा, आणि धाकटा भाऊ राणोजी त्याचा जीव कीं प्राण. त्या राणोजीचे आतडे जांघेंत उतरोन अडकले आणि त्यास त्याच दवाखान्यांत आणिले. हैबती दारांत, भाऊ आंत, विचारावे कोणास? निळोपंत पुढून जात, हा मुजरा करी, ते मान हालवीत, आणि त्या मानेचा अर्थ हैबतीने आधीं बरा लाविला, मग वाईट, मग फिरोन बरा. त्या दवाखान्याची चाल ऐसी कीं मेल्या रोग्याची गोधडी अंगणांत वाळत टाकावी. दुपारीं हैबती पाहतो तों भावाची गोधडी वळणीवर! आंत धांवला, तों खाट रिकामी. मग त्यास काय जाले कळेना; निळोपंत समोर आले आणि याणे भाल्याचा दांडा उगारिला, आणि पंतांनी डोके राखावयास उजवा हात पुढे केला, तो मनगटांत मोडला.

"माझा भाऊ खाल्लास!"

"अरे, कोणाचा कोण भाऊ?"

"राणोजी!"

"जिवंत आहे रे तो! उजेडाच्या दालनांत नेलाय. ओकारी झाली म्हणून गोधडी धुतली. आत्ता कापून आतडं सोडवणार होतो मी."

गलबला ऐकोन बाकीचे शिपाई धांवले. परंतु हुकूम आप्तांस धरावयाचा, शिपायास धरावे कीं न धरावे हे हुकमांत नाहीं, म्हणोन गोंधळोन त्यांनी पंतांसच धरिले. तिकडे राणोजी पडल्या जागीं विचारतो, "दादा, काय चाललंय?" मग पंतांस सोडोन परगण्याच्या वैद्यास सांडणीस्वार धाडिला, आणि पंत डाव्या हाताने शेक देत रोग्यापाशीं बसोन राहिले, आणि तो वैद्य पोहोंचण्याआधीं राणोजीचा प्राण गेला. हैबतीस कैद करावे तर तो आप्त म्हणोन कीं शिपाई म्हणोन, याचा निवाडा होईना. भाला मात्र काढोन घेतला.

मग चुलता येसबा गांव गोळा करोन काठ्यांनिशीं चालोन आला. हैबती रिकाम्या हातीं दारांत उभा राहिला.

"बाजूला हो! भाऊ गेला तुझा, आणि त्यांचीच राखण करतोस? जनाची नाही तर मनाची तरी ठेव!"

"काका, वैद्य त्याला वाचवणार होते. त्यांचा हात मी मोडला."

येसबास उमजेना. हैबतीने पुन्हा सांगितले. लोकांच्या काठ्या वर त्या वरच राहिल्या. वैद्यास हाणावे तर अन्याय, यास हाणावे तर याच्या माउलीचा उरला एवढाच लेक. येसबाने काठी टाकिली आणि मटकन बसला. "आता वैनीला काय सांगू रे?" म्हणाला आणि रडूं लागला. ते रडणे ऐकवत नव्हते.

एवंच, महाराजांनी सर्व ऐकोन निकाल केला कीं पाहारा कमी पडला. भालदार चाराचे आठ जाले, बोलण्याची मनाई कायम राहिली, दरबारीं विडे वांटिले. राणोजी कशाने गेला, हे त्याच्या आईस अद्याप कोणी सांगितले नाहीं.