पवित्र गुरुवारचे लाल पाय

पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा मी दाढी करत होतो. तोंडाला साबणाचा फेस असताना माणसाने कुणालाही शब्द देऊ नये, हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

‘साळवे! बारा जणांतली एक जागा रिकामी झालीय!’ पाळकसाहेब दारातूनच ओरडले. (पुण्याहून नवीन आलेला हा तरुण माणूस माझ्याशी नेहमी ओरडूनच बोलायचा. व्यासपीठाची सवय असेल, असं मी समजत होतो.) ‘परवा गुरुवारी! पाय धुण्याचा विधी! येता का?’

हे बारा जण कोण, ते आधी सांगतो. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून आमच्या दौंडच्या चर्चमध्ये ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, म्हणजे पवित्र गुरुवारी, बारा जणांना वेदीपुढे खुर्च्यांवर बसवतात आणि पाळकसाहेब त्यांचे पाय धुतात. हे बारा जण निवडताना कमिटीत जी वादावादी होते, ती पाहून मूळ शिष्यांनीही माघार घेतली असती. मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात क्लार्क. दर रविवारी पहिल्या बाकावर बसून खणखणीत आवाजात गाणारा. तरी इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. मी फेसासकट ‘हो’ म्हणालो.

ही बातमी मी मोठ्या रुबाबात मोनिकाला सांगितली. मोनिका माझी बायको. माहेर शिरूरचं, नोकरी प्राथमिक शाळेत. त्यामुळे माझ्याशी बोलतानाही तिच्या हातात खडू आहे असं वाटतं.

‘छान झालं,’ ती म्हणाली. ‘पण अहो, स्वतःचे पाय कधी बघितलेत का?’

मी बघितले. खरं सांगतो, माणूस आरशात तोंड रोज बघतो, पण टाच उलटी करून बघायचं त्याच्या मनात येत नाही. दौंडचा एप्रिल आणि पार्सल ऑफिसातली तापलेली फरशी यांनी माझ्या टाचांची जी दशा केली होती, ती बघून मीच ओशाळलो. एकेका भेगेत चार आण्याचं नाणं उभं राहिलं असतं.

‘पाळकसाहेबांचा हात कापेल,’ मोनिका म्हणाली. ‘आणि शिरूरहून आबा येणार आहेत. जावई बारा जणांत बसणार, हे मी त्यांना फोनवर सांगून बसलेय.’

आबा म्हणजे माझे सासरे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांनी माझ्याबद्दलचं मत अजून राखून ठेवलं आहे.

पण माझी खरी काळजी टाचांची नव्हतीच. संध्याकाळी चर्चच्या फळ्यावर बारा जणांची नावं लागली. त्यांत माझ्या नावाच्या अगदी शेजारी नाव होतं पोपटराव रणभिसे!

पोपटराव वरवंडचा. रेल्वेतून गँगमन म्हणून रिटायर झालेला, धिप्पाड, दर रविवारी एम-एटी मोपेडवरून चर्चला येणारा. त्याचा आणि माझा अबोला होता. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या पंगतीत पोपटराव मटणाची बादली घेऊन वाढत आला. माझ्या उजव्या बाजूच्याला वाढलं, डाव्या बाजूच्याला वाढलं, आणि माझ्या ताटाला वळसा घालून पुढे निघून गेला. सगळ्या मंडळीदेखत! मी त्या दिवशी भात आणि अपमान एवढंच खाऊन उठलो. त्यानंतर त्याने तीन-चारदा ‘सलाम’ केला, पण मी वळूनही पाहिलं नाही. पुढे त्याने सलाम करायचंही सोडलं. मग तर माझी खात्रीच पटली की माणूस मनात डूख धरून आहे.

‘बोलून टाका ना एकदा,’ मोनिका किती वेळा म्हणाली असेल.

‘त्याने आधी बोलावं. बादली त्याच्या हातात होती,’ हे माझं ठरलेलं उत्तर.

टाचांवरचा इलाज सांगितला शेजारच्या खुर्शिदभाभींनी. त्यांच्या फरहतचं लग्न तोंडावर आलं होतं आणि घरात मेंदीचा घमघमाट सुटला होता.

‘साळवेभाई, मेंदी लावा. गर्मी खेचून घेती, भेगा पन भरतात,’ त्या म्हणाल्या. ‘ओट्यावर लहान वाटी हाय, ती घ्या. जरा वेळ ठेवायची आन् धुवून टाकायची. रंग न्हाई चढत तिचा.’

त्या पुढेही काही बोलल्या, पण मी तोवर ओट्यापाशी पोचलो होतो. ओट्यावर दोन वाट्या होत्या. लहान वाटीत बघितलं, तर ती माझ्या एका टाचेलाही पुरली नसती. मग मी मोठी वाटी उचलली. (शेजारधर्मात संकोच करू नये, असं माझं मत आहे. माझ्याकडून घेताना मात्र शेजाऱ्यांनी तो करावा.)

गुरुवारी माझी रात्रपाळी संपलेली, मोनिका शाळेत, घरात शांतता. मी पाटावर पाय ठेवून मेंदी थापली. आधी टाचांना लावली. मग वाटलं, पाळकसाहेब काही फक्त टाच धुणार नाहीत, म्हणून तळव्यांना लावली. मग बोटांना. वाटीत अजून उरलीच होती, ती वाया कशाला घालवायची, म्हणून वर घोट्यापर्यंत चढवली. पंख्याखाली पाय पसरून जरा आडवा झालो. पायांना इतकं गार वाटलं की काय सांगू!

जाग आली ती मोनिकाच्या किंकाळीने.

‘अहो! हे काय करून ठेवलंत!’

मेंदी वाळून कडक झाली होती. मी घाईघाईने पाय धुतले. घोट्यापासून खाली दोन्ही पाय लालभडक! अशी रंगलेली मेंदी मी आमच्या लग्नात मोनिकाच्या हातावरही पाहिली नव्हती. (हे मी तिला बोलूनही दाखवलं. ती वेळ नव्हती.)

तेवढ्यात खुर्शिदभाभी धावत आल्या. ‘मोठी वाटी कुनी नेली? चहाचं पानी, लिंबू, लवंगेचं तेल घालून दुल्हनसाठी भिजवली होती मी!’ मग त्यांचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि भिंतीकडे तोंड करून हसत सुटल्या. ‘ऱ्हाऊ द्या भाई, फरहतसाठी दुसरी भिजवते. पन एवढा रंग चढला म्हंजी सासू लई जीव लावनार तुमाला!’

‘मला सासरा आहे,’ मी म्हणालो, ‘आणि तो आत्ता यष्टीत बसलेला आहे.’

मग मी लिंबू चोळलं. खायचा सोडा चोळला. रॉकेल चोळलं. रंग जाईना, उलट चमक आली. विधीला जाऊ नये म्हणावं तर अकरा शिष्य उरणार, आणि बारावा कुठे गेला या प्रश्नाला बायबलात फार वाईट उत्तर आहे: तो प्रभूला पकडून द्यायला गेला होता. शेवटी मी अख्खा पावडरचा डबा दोन्ही पायांवर उपडा केला, वर मोजे चढवले, बूट घातले आणि निघालो.

चर्च भरलं होतं. आबा दुसऱ्या बाकावर पांढऱ्या टोपीत ताठ बसले होते. आम्ही बारा जण पुढे बसलो. पोपटराव माझ्या शेजारच्या खुर्चीत. मी समोरच्या खांबाकडे बघत राहिलो.

पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ वाचला, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, ‘मंडळी, प्रभूने काय सांगितलं? तुम्हीही एकमेकांचे पाय धुवावेत. म्हणून यंदा मी एकट्याने पाय धुणार नाही. शेजारी बसलेल्या दोघांनी एकमेकांचे पाय धुवायचे.’

हे पाळकसाहेबांनी मुद्दाम केलं की सहज, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मोनिकाला विचारलं तर ती वह्या तपासायला घेते.

पोपटराव उठला. त्याने परात पुढे ओढली, कमरेला पंचा बांधला आणि गुडघे टेकून माझ्यासमोर बसला. मी बूट काढले. मोजे काढले. पावडरीचा एक ढग उठला आणि पोपटरावाला शिंक आली.

त्याने तांब्याने पाणी ओतलं. आधी परातीत दुधासारखं पांढरं पाणी उतरलं. मग त्याने आपल्या राकट हाताने पाय चोळला आणि पांढऱ्याखालून लाल वर आलं.

‘अगं बया! रगात!’ पोपटरावाने हात मागे घेतला. सगळं चर्च उभं राहिलं. पुढच्या क्षणी त्याने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि रेल्वे इंजिनाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, ‘साळवेभाऊ! लई दुखतंय का?’

‘हळू बोला हो!’ मी दात आवळून म्हणालो. ‘मला ऐकू येतं!’

‘ऑं? ऐकू येतं? कवापास्नं?’

‘कधीपासून म्हणजे? जन्मापासून!’

पोपटराव टाचांवर बसला. ‘मग नाताळच्या पंगतीत मी दोनदा इचारलं, मटन वाढू का? तुम्ही शेजारच्याशी बोलतच ऱ्हायला. मला वाटलं, आज खायाचं न्हाई वाटतं. मग सलाम घातला, एकदा न्हाई, चारदा. तुम्ही मान बी वळवली न्हाई. तवा मी जानलं, बिचाऱ्याचे कान गेले. म्या समद्यास्नी सांगून ठेवलंय, साळवेभावाशी मोठ्यानं बोला म्हून!’

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते झग्याच्या बाहीत तोंड लपवत होते. बायकांच्या बाजूने म्हाताऱ्या झुंबरबाईंचा आवाज आला, ‘आगं माजी बाय, ती मेंदी हाय मेंदी!’ आणि मग चर्चमध्ये जो हशा उसळला, तसा त्या दगडी भिंतींनी पवित्र गुरुवारी कधी ऐकला नसेल. आबा टोपी हातात घेऊन हसत होते. ते हसू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

हसू ओसरलं तशी मी परात माझ्याकडे ओढली. पोपटरावाचे पाय समोर आले. जन्मभर रुळांमधली खडी तुडवलेले पाय. एका अंगठ्याला नखच नव्हतं. त्या पायांसमोर माझ्या भेगा काहीच नव्हत्या. मी पाणी ओतलं, चोळलं, पंच्याने बोटांमधून पुसलं. दोन वर्षं मी ज्याच्याशी मनात भांडत होतो, तो माणूस तेवढी वर्षं माझ्या कानांसाठी लोकांना अडवून अडवून सांगत फिरत होता. ‘सलाम, पोपटराव,’ मी म्हणालो.

‘सलाम, भाऊ,’ तो म्हणाला आणि पंच्यानेच डोळे पुसले. नंतर त्याच पंच्याने माझेही.

ईस्टरच्या सकाळी पोपटराव आपली नेहमीची जागा सोडून पहिल्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला. आम्ही एकाच पुस्तकातून गायलो. उजाडताना घंटा वाजली, बायकांनी मोगऱ्याचे गजरे आणले होते, ‘प्रभू उठला आहे’ म्हणत सगळी मंडळी एकमेकांचे हात हातात घेत होती. माझं मन इतकं भरून आलं होतं की शेवटचं कडवं मी नेहमीपेक्षाही मोठ्याने म्हटलं.

बाहेर आल्यावर पोपटरावाने मला चिंचेखाली बाजूला घेतलं. चेहरा फार गंभीर.

‘भाऊ, येक इचारू? राग न्हाई ना येनार?’

‘आता कसला राग? बोला!’

‘तुमाला खरंच नीट ऐकू येतं?’

‘अगदी स्वच्छ!’

‘म्हंजी तुम्ही गाता ते सोताला बी ऐकू येतं?’ पोपटरावाने खोल श्वास घेतला. ‘मग अवघड झालं हो. आमी दोन वर्सं समद्यास्नी सांगतोय, कान गेलेत त्यांचे, म्हून सूर लागत न्हाई. आता मंडळीला काय सांगू?’