माझ्या पायात उतरलेली कानबाई

रसायनशास्त्र जाणणाऱ्या माणसाचं या जगात कुणीही काहीही बिघडवू शकत नाही! हे वाक्य मी कानबाई देवीच्या मखराला केळीचा खांब बांधताना, स्टुलावर उभा राहून, सगळ्या भावकीला ऐकवलं. वाक्य पूर्ण झालं आणि स्टूल सरकलं.

दवाखाना समोरच. डॉक्टर प्रशील यांनी घोट्याला प्लास्टर घातलं. "मास्तर, थोडा वेळ गरम लागेल. घाबरू नका."

"मला सांगता? जन्मभर पोरांना हेच शिकवलंय!"

पुतण्यांनी मला खुर्चीसकट उचलून घरी आणलं. घोटा मोडल्याचं दुःख नव्हतंच. माझा सगळा जीव स्वयंपाकघरात, खापरावरच्या पुरणपोळीत होता! कानबाईच्या सणाला धरणगावात जमलेल्या चाळीसगाव-रावेरच्या सुना पोळ्या अशा पसरत होत्या की एकेक पोळी पांघरून झोपावं!

तेवढ्यात झुंबरबाई आत्यानं मायेनं प्लास्टरवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला.

"ओ माय वं! पाय तापी गया! रुप्याना पायमा कानबाई उनी!"

डफ वाजायला लागला. माझी पाचावर धारण बसली. कारण आमच्या घरचा नेम असा, की ज्याच्या अंगात कानबाई येते त्यानं सकाळच्या विसर्जनापर्यंत अन्नाला शिवायचं नाही!

"आत्या, देवी नाही, प्लास्टर आहे! दगड भट्टीत भाजून त्यातलं पाणी उडवतात, तेव्हा ही पूड होते. तिला पाणी मिळालं की ते धरून ती पुन्हा दगड होते, आणि भट्टीत घेतलेली उष्णता परत देते. हिशेब चुकता!"

आत्यानं शांतपणे ऐकलं. "म्हंजे हाऊ दगड शे?"

"हो."

"आनि आपला आपला तापस?"

"हो!"

"मंग देव कसाले म्हनतस रे, रुप्या?"

रसायनशास्त्र आटोपलं, आता वैद्यकशास्त्र!

मी डॉक्टरांना फोन लावून स्पीकर चालू केला. "डॉक्टर, सांगा यांना, पाय का तापला!"

"तापणारच! मी आधीच सांगितलं होतं!" तिकडून हसून उत्तर आलं आणि फोन बंद.

"आयका! डागदरले बी देवीनं आधीच सांगेल व्हतं!"

रांग लागली. पुतण्या हितेंद्रनं अंगठ्यावर डोकं टेकून बदली मागितली. मग माझी बायको मंजुळा वाकली. "तू पण?" मी पुटपुटलो.

"तुमच्याशी नाही बोलत मी," ती म्हणाली, आणि अंगठ्याला विचारलं, "आमच्या स्नेहलचं लग्न यंदा जमेल का गं माय?"

एव्हाना प्लास्टर निवायला लागलं होतं, पण आता कोण हात लावून बघतो! मग मीही लाज सोडली. डोळे फिरवले, घुमलो, आवाज चढवला. "मला पुरणपोळी पाहिजे! तुपाची धार धरून! आत्ताच्या आत्ता!"

डफ थांबला. सगळे आत्याकडे बघायला लागले.

"देवी पायमा शे, तोंडमा नही," आत्या म्हणाली. "तू गप बस!"

पण पायातल्या देवीला नैवेद्य तर दाखवायलाच हवा! ताट आलं. दुमडलेली पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी, वर तूप. आत्यानं ते अदबीनं माझ्या पावलासमोर ठेवलं, अंगठ्याला हळदकुंकू लावलं आणि हात जोडून डोळे मिटले. मी कमरेतून वाकून पाहिलं. हात पोचतो फक्त गुडघ्यापर्यंत.

"आत्या," मी हळूच म्हणालो, "देवीचं जेवण झालं असेल, तर ताट जरा इकडे सरकवतेस का?"