कात्री आहे की आहेत

अंधेरी पूर्वेच्या उपनगर लोकसुविधा भवनात धारदार वस्तू आत नेण्यास मनाई आहे. ही मनाई योग्यच म्हटली पाहिजे. दोन-तीन खिडक्या फिरून झालेल्या नागरिकाच्या हाती धारदार वस्तू नसलेलीच बरी.

मनोरीच्या सिसिलियाबाई एका सोमवारी घराच्या कागदावर शिक्का घ्यायला या भवनात गेल्या. सिसिलियाबाई लग्नाचे गाऊन शिवतात. मनोरीपासून ओर्लेमपर्यंतच्या कितीतरी नवऱ्या त्यांच्या कात्रीखालून गेल्या आहेत. त्यांची भाची निकोल हिचं लग्न येत्या रविवारी होतं. शिक्का घेऊन तसंच मरोळला जायचं, निकोलच्या अंगावर गाऊन चढवायचा आणि खालची झालर कापून सारखी करायची, असा त्यांचा बेत होता. म्हणून पिशवीत कात्री होती. कात्री त्यांच्या आईची. लेस कापताना ती पाण्यातून होडी जावी तशी चालते.

गेटवरच्या कुंडलिकने पिशवी तपासली.

"मावशी, कात्री इथं ठेवा. जाताना घेऊन जा."

"सांभाळ हां बाबा. आयची हाय."

"काय टेन्शन नाय," कुंडलिक म्हणाला, आणि त्याने समोरच्या वहीत इंग्रजीत लिहिलं : वन सिझर्स इज डिपॉझिट.

इंग्रजीतच का, याला कारण होतं. भवनात नुकताच मराठी भाषा पंधरवडा साजरा झाला होता. तो कमालीचा यशस्वी झाल्याचा अहवाल वरिष्ठांकडे इंग्रजीतून गेला आणि त्यात बऱ्याच चुका निघाल्या. वरिष्ठ संतापले. त्यामुळे भवनात लगेच शुद्ध इंग्रजी पंधरवडा सुरू झाला. प्रत्येक नोंद इंग्रजीत आणि शुद्ध असावी, अशुद्ध नोंद ग्राह्य धरू नये, असं परिपत्रक निघालं. ते मात्र सर्वांना कळावं म्हणून मराठीत होतं.

शिक्का मारणारे गृहस्थ रजेवर होते. सिसिलियाबाई हात हलवत गेटवर परत आल्या तेव्हा कुंडलिकचा चेहरा उतरलेला होता.

"मावशी, कात्री साहेबांकडे गेली. तुम्हाला पण बोलावलंय. माझी वाट लागली."

जमा वस्तू अधिकारी नंदकिशोर हे सरळमार्गी गृहस्थ होते. त्यांनी आयुष्यात कधी पैसा खाल्ला नव्हता, आणि कोणाचं काम केल्याचाही पुरावा नव्हता. टेबलावर वही होती. वहीशेजारी कात्री होती.

"बाई, तुमच्या कात्र्या किती होत्या?"

"एक."

"आठवून सांगा."

"आठवायचं काय त्यात? ही बघा ना, समोर हाय."

नंदकिशोरांनी वहीवर बोट ठेवलं. "इथे सिझर्स लिहिलंय. शेवटी एस. चेअर, चेअर्स. फाइल, फाइल्स. सिझर, सिझर्स. पंधरवड्यात आम्हाला स्पष्ट शिकवलंय, सिझर्सपुढे 'आर' येतो. 'आर' कधी येतो? एकाहून जास्त असतील तेव्हा. आता मला सांगा, दुसरी कुठे आहे?"

हे विचारताना ते सिसिलियाबाईंकडे नव्हे, कुंडलिककडे बघत होते.

"साहेब," कुंडलिक घाबरून म्हणाला, "मी तर 'इज' लिहिलंय!"

"म्हणूनच संशय येतो. दोन घेतल्यात आणि 'इज' लिहिलंत. एक पचवायला सोपी जावी म्हणून."

या तर्कातली चूक कुंडलिकला दिसत होती, पण ती इंग्रजीत दाखवायची होती. तो गप्प राहिला. गप्प राहणं ही कबुली समजून नंदकिशोरांनी त्याला चौकशी होईपर्यंत गेटवरून हटवलं आणि जिन्याखालच्या स्टुलावर बसवलं.

सिसिलियाबाईंना खरं तर तिथून निघून जाता आलं असतं. बाजारात कात्र्यांना तोटा नव्हता. त्या जिन्यापर्यंत गेल्यासुद्धा. पण स्टुलावर कुंडलिक टोपी मांडीवर घेऊन बसला होता आणि येणारा-जाणारा त्याच्याकडे वळून बघत होता.

"तू कशाला बसलास रे असा, चोरासारखा?"

"चोरच झालो ना मावशी. घरी काय सांगू? बायको विचारेल, काय चोरलं? मी सांगू, जे नव्हतंच ते?"

सिसिलियाबाई मागे फिरल्या. "साहेब," त्या नंदकिशोरांना म्हणाल्या, "इंग्रजी शिकलेलं कोण असंल त्याला बोलवा."

जान्हवी मॅडम आल्या. पंधरवड्याचे वर्ग त्याच घेत होत्या. त्यांनी हसत हसत प्रकरण ऐकून घेतलं.

"सर, सिझर्स हा शब्द कायम अनेकवचनीच असतो. वस्तू एकच असते. फारच वाटत असेल तर 'अ पेअर ऑफ सिझर्स' लिहा, म्हणजे 'इज' चालेल."

"पेअर म्हणजे?"

"जोडी."

"जोडी म्हणजे किती?"

"दोन. पण सर..."

"मग माझं काय चुकलं?"

जान्हवी मॅडम इथेच थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण शिकवणाऱ्या माणसाला उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. "सर, असे पुष्कळ शब्द आहेत," त्या म्हणाल्या. "ट्राउझर्स. स्पेक्टॅकल्स. सगळे अनेकवचनी, वस्तू एकेक."

नंदकिशोरांचे डोळे चमकले. गेल्या दिवाळीत सगळ्या सुरक्षारक्षकांना ट्राउझर्स वाटल्याची नोंद भांडारात होती. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत प्रत्येक रक्षक एकच पँट घालून हिंडत होता!

दुसऱ्या दिवशी आदेश निघाला. प्रत्येक रक्षकाने दुसरी पँट हजर करावी, अन्यथा अपहार समजला जाईल. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षक घरून मिळेल ती पँट घेऊन आले. कोणी लग्नातली आणली, कोणी मेव्हण्याची. एकाने नाइटपँटच आणली. ती फुलाफुलांची असल्यामुळे गणवेशाशी जुळत नाही असा शेरा मिळाला, पण संख्या जुळल्यामुळे ती स्वीकारली गेली. स्पेक्टॅकल्सची बाब तेवढी नंदकिशोरांनी वगळली. कार्यालयाकडून भरपाई घेऊन केलेला चष्मा त्यांच्याच नाकावर होता, आणि दुसरा त्यांच्याकडे नव्हता.

पँट मिळाल्या, म्हणजे रक्षकांनी त्या दडवल्या होत्या हे सिद्ध झालं. तेव्हा कुंडलिकनेही कात्री दडवलीच असणार, हेही आपोआप सिद्ध झालं.

सिसिलियाबाई रोज मनोरीहून तरीच्या बोटीत बसून मार्वेला उतरत होत्या आणि अंधेरी गाठत होत्या. निकोल रोज फोनवर रडत होती. "आंटी, झालर अजून जमिनीवर लोळतेय! मी चालू कशी?"

शेवटी नंदकिशोरांनाच त्यांची दया आली. "बाई, मार्ग सांगतो. एक जास्तीची कात्री आणून द्या. तूट भरून निघेल. दोन्ही तुम्हाला परत देतो, कुंडलिकही सुटेल."

बाईंनी नवऱ्याची, इग्नेशियसची, जाळी कापायची कात्री आणली. टेबलावर दोन कात्र्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. नंदकिशोरांनी समाधानाने पेन उघडलं.

"आता कसं! सिझर्स आर."

जान्हवी मॅडम दारातून जात होत्या. त्यांना राहवलं नाही. "सर, दोन असतील तर 'टू पेअर्स ऑफ सिझर्स' होतं."

पेन हवेत थांबलं. "दोन जोड्या. म्हणजे चार."

जिन्याखालच्या स्टुलावर कुंडलिकला निरोप गेला की कालपर्यंत तू एक कात्री चोरली होतीस, आज दोन झाल्या. त्याने टोपी डोक्यावर घातली, काढली आणि पुन्हा घातली.

आता सिसिलियाबाईंचा आवाज चढला. "अरे, माणसाची नोकरी जाते हितं आणि तुम्ही एस मोजताय? एकच कात्री हाय, एकच होती! तिला पाती दोन हायत, एवढंच!"

नंदकिशोर एकदम उठून उभे राहिले.

"पाती दोन?"

"मग? एका पात्याची कात्री कुठं बघितली?"

त्यांनी घंटी वाजवली आणि स्क्रू-ड्रायव्हर मागवला. सिसिलियाबाईंना काय होतंय ते कळेपर्यंत त्यांच्या आईची कात्री उघडी होऊन पडली होती.

"मोडू नका हो! आयची कात्री हाय!"

"मोडत नाही, बाई. मोजतोय."

एक पातं त्यांनी वहीच्या उजवीकडे ठेवलं, एक डावीकडे. मग इतक्या दिवसांत प्रथमच मनापासून हसले. "सिझर्स आर डिपॉझिटेड. सिझर्स आर रिटर्न्ड. करा सही. कुंडलिकला म्हणावं, जा गेटवर. तुझ्यावर काही नाही."

जाळीची कात्री वहीत चढलीच नव्हती. त्यामुळे ती भवनात आलेलीच नव्हती, आणि बाईंनी ती उचलून पिशवीत टाकली तरी कोणाला दिसली नाही. मधला स्क्रू मात्र नंदकिशोरांनी खणात ठेवला.

"तो तरी द्या, साहेब."

"तुम्ही जमा केलेल्या वस्तूत स्क्रू होता का? नव्हता. तो या कार्यालयात निर्माण झाला. तो सरकारी आहे."

शनिवारी संध्याकाळी इग्नेशियसने होडीच्या इंजिनातला एक बोल्ट त्या दोन पात्यांत घट्ट बसवला. कात्री पुन्हा चालू लागली, पण चालताना डावीकडे झुकू लागली. त्याच रात्री मरोळला निकोलच्या गाऊनची झालर एका बाजूला पाऊल झाकणारी आणि दुसऱ्या बाजूला चार बोटं वर अशी कापली गेली. जाळीच्या कात्रीने तर लेस नुसती चावली असती, आणि नवी आणायला बाजार बंद झाला होता. दुसरा गाऊन शिवायला वेळ नव्हता. रविवारी सकाळी निकोलने आरशात पाहिलं आणि ती पुन्हा रडली.

चर्चच्या पायऱ्यांवर मैत्रिणींनी तिला गराडा घातला. "वॉव यार, असिमेट्रिक! कुठल्या डिझायनरचं?" निकोलने डोळे पुसले आणि आयडिया आपलीच असल्याचं सांगितलं. त्याच दुपारी लग्न ठरलेल्या दोन मुलींनी सिसिलियाबाईंना गाठून तस्साच वाकडा गाऊन हवा म्हणून नाव नोंदवलं. सिसिलियाबाईंनी दोघींना हो म्हटलं. सरळ कापण्याची सोय आता राहिलेली नव्हतीच.

संध्याकाळी मरोळच्या हॉलमध्ये रिसेप्शन होतं. सिसिलियाबाईंनी कुंडलिकला आग्रहाने बोलावलं होतं. तो बायकोला घेऊन आला आणि पुढच्या रांगेत बसला. माइकवर सूत्रसंचालन करायला एक झकास कोट घातलेला तरुण होता.

"मी तुम्हाला सगळ्यांना स्वागत करतो!" तो ओरडला. "आपल्या कीथ आणि निकोलसाठी जोरात टाळ्या वाजली पाहिजे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हॉल दणाणून गेला.

मग इग्नेशियस ग्लास घेऊन उभा राहिला. मुलीसारखी वाढवलेली भाची, तेव्हा दोन शब्द इंग्रजीतच बोलायचे, असं त्याने ठरवलं होतं. होडीवर तो ते वाक्य घोकत आला होता.

"कीथ अँड निकोल इज नाउ वन," तो म्हणाला.

मग एका कोपऱ्यातून कोणीतरी फिसकन हसलं. मग पोरं, मग पोरांच्या आया, मग अख्खा हॉल. "आर! अंकल, आर!" सगळ्यांत मोठा आवाज पुढच्या रांगेतून येत होता. कुंडलिक उभा राहून, तोंडाभोवती हात धरून ओरडत होता, "आर हो, आर! कीथ अँड निकोल आर!"

इग्नेशियस लाल होऊन खाली बसला. "फादर तर सकाळी म्हणाला, दोघं एक झाली," तो हळूच बायकोला म्हणाला. "मग इज नाय होत?"

"होतं," सिसिलियाबाई म्हणाल्या. "जेव आता."

त्याच्या 'इज'पाशी तुम्हीही थोडं अडखळलात आणि गालातल्या गालात हसलात. त्यात गैर काही नाही, सगळेच हसले. फक्त त्याच्या जरा आधी त्याच हॉलमध्ये टाळ्या 'वाजली' होती. तेव्हा कोणीच कसं ओरडलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं, की तुम्हीही टाळ्या वाजवत होतात?