साठ फंक्शनं आणि मालनबाईंचा मुकादम

वर्गीकरणात मला कोणी हरवणार नाही! असं मी समजत होतो. पण नगरच्या वाचनालयात छत्तीस वर्षं पुस्तकांना जागा दाखवली, एवढाच माझा पराक्रम.

पुतणी देवश्री कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवते. म्हणाली, "काका, माझ्या पुस्तकातला एक तक्ता अडलाय. ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सगळी कामं फंक्शनच, म्हणजे आज्ञांचे छोटे तुकडेच, करतात. साठ तयार फंक्शनं आणि चिन्हं भाषेबरोबरच येतात. त्यांचे गट पाडाल? शुक्रवारी चारपर्यंत पुस्तक छापखान्यात गेलं नाही, तर मुलांना परीक्षेआधी मिळणार नाही."

मी चक्क "हो" म्हणालो!

साठ कार्डं केली. पण एकेक फंक्शन दोन-दोन गटांत बसायला लागलं. मग त्याचं दुसरं कार्ड. मग 'तिकडे पहा' सांगणारं तिसरं! शुक्रवारी देवश्री आली तेव्हा टेबल, दिवाण आणि पोळ्यांचा डबा कार्डांखाली गाडला गेला होता.

"काका! 'मॅप'वर लिहिलंय 'फिल्टर' पहा. 'फिल्टर'वर लिहिलंय 'मॅप' पहा. मुलं गरगरत राहतील! तीन वाजले!"

मी घाईघाईनं चौथं कार्ड काढलं. तेवढ्यात स्वयंपाकाच्या मालनबाई डबा शोधत आल्या. पाथर्डीकडच्या, बारा हंगाम ऊसतोडीला गेलेल्या.

"लई पसारा घातलाय की, काका! ह्यो मॅप काय करतो?"

"स्वतः काहीच नाही," देवश्री म्हणाली. "दुसऱ्या फंक्शनला यादीतल्या एकेकावर कामाला लावतो."

"मंजी मुकादम! आन फिल्टर?"

"दुसऱ्या फंक्शनला विचारून नको ते बाहेर काढतो."

"त्यो बी मुकादमच. हे अधिकचं चिन्ह?"

"त्याला दोन बाजूंना दोघं लागतात."

"कोयता! नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्याला उसाच्या फडात कोन घेतंय? आन एकट्यानं काम करनारे, ते सुटे गडी. झालं!"

अर्ध्या तासात कार्डं तीन ढिगांत! मी आ वासून बघत राहिलो. नावावरून नाही, विषयावरून नाही. कोण कुणाला घेऊन काम करतं, त्यावरून गट! छत्तीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

एकच कार्ड उरलं.

"हे जे दिलं तेच परत देतं," देवश्री म्हणाली. "मधे काहीच करत नाही. कुठं टाकू?"

मालनबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"असतंय की ताई, परत्येक घरात एक!"

देवश्रीनं हसू दाबत चौथा गट केला आणि चारला दहा कमी असताना तक्ता पाठवला. त्याआधी मी तो दोनदा तपासला. एकही चूक सापडली नाही; जसा दिला तसाच परत केला.